काट मारलेला आकडा

मित्रांनो, मला शून्य नाही. माझ्या एका टोकाचा कोपरा उडालाय, त्यामुळे माझे आकडे थेट एकपासून सुरू होतात. मी शाळेच्या प्रयोगशाळेतली जुनी लाकडी पट्टी, तीस सेंटिमीटरची. बोलते तोंडावर. गोडगोड बोलणं मला कधी जमलं नाही, आता या वयात काय जमणार!

कारखान्यात मला कापलं, घासलं, अंगावर काळे आकडे उमटवले, तेव्हा वाटलं होतं की रेघा मारण्यातच जन्म जाणार. पण विज्ञानाच्या सरांनी मला वेगळंच काम दिलं. एकानं मला वरून उभं धरायचं, दुसऱ्यानं खाली माझ्या शून्यापाशी अंगठा आणि तर्जनी उघडी ठेवायची. मग न सांगता मला सोडायचं. बोटांनी जिथे पकडलं, तो आकडा लिहायचा. आकडा जितका लहान, तितका माणूस चपळ. पंधरा आला की वर्ग टाळ्या वाजवायचा. दिवसातून शंभरदा पडायचे मी, पण मान होता हो मला!

सरांचा एक नियम होता. "जो आकडा बाकीच्यांत बसत नाही, तो चुकून आलेला समजा. त्याला काट मारा, मग सरासरी काढा." मुलांनी तो पाठ केला होता.

एकदा सरांनी घरच्या माणसांची चपळाई मोजून तक्ता करायला सांगितला. सातवीतली एक मुलगी मला दप्तरात घालून घरी घेऊन गेली. तिची आई तिला घाईबाई म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं. चप्पल काढायच्या आधीच तिनं आईला समोर बसवलं. आईचा सतरा आला, दादाचा सोळा. आजोबांचा एकवीस आला, तर ते म्हणाले, "या वयात एकवीस म्हणजे सोनं!"

तेवढ्यात बाबा आले. ते छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर होते. वह्यांचं मोठं काम आलं होतं, दोन आठवडे डबल पाळी चालली होती. त्यांनी हसतच हात पुढे केला. सत्तावीस. परत सोडलं. एकोणतीस. तिसऱ्यांदा मी त्यांच्या बोटांमधून सरळ निसटले आणि फरशीवर आपटले. कोपरा उडाला तो तेव्हाच.

"अहो, डोळे बघा कसे झालेत. उद्या सुट्टी घ्या," आई म्हणाली.

"काहीतरीच! पंधरा वर्षांत मशीनवर माझा हात चुकला नाही. ही पट्टीच फसवी आहे."

"बाबा, तुमच्यामुळे माझी सरासरी बिघडतेय," घाईबाई कुरकुरली.

"मग मार काट. कापाकापी हाच तर आपला धंदा!"

सगळे हसले. तिनं काट मारली. मी जिवाच्या आकांतानं सांगत होते, अगं, ही चूक नाही, हा माणूस दमलाय! पण पट्टीचं कोण ऐकतो?

तक्त्याचं फार कौतुक झालं, तो भिंतीवर लागला. माझं शून्य गेलेलं बघून सर म्हणाले, "ही आता काय कामाची?" आणि मी कपाटात तुटक्या काचांशेजारी जाऊन पडले.

आठव्या दिवशी मशीनचं पातं खाली आलं आणि बाबांचा हात वेळेत मागे आला नाही. अंगठा वाचला. तर्जनी आणि मधलं बोट गेलं.

घाईबाई शाळेत आली ती सावकाश चालत. तक्त्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "सर, ते आकडे चुकून आले नव्हते." तिनं पट्टी मागितली, तेव्हा सरांनी मला कपाटातून काढून तिच्या हातात दिलं.

घरी बाबा भिंतीला टेकून बसले होते. लेकीचा चेहरा बघून त्यांनी उसनं हसू आणलं. "आण ती पट्टी. बघू आता किती येतो." त्यांनी हात पुढे केला. एका बाजूला अंगठा, समोर पांढरं बँडेज बांधलेली नुसती जागा. तिनं मला वर धरलं.

"सोड की गं," बाबा म्हणाले.

तिनं सोडलं नाही. आजवर शेकडो हातांनी मला सोडलं, हिची बोटं मात्र मला आवळत राहिली. मग आई आतून आली आणि तिनं लेकीला जवळ घेतलं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. शून्य तुटलेल्या पट्टीला कपाटाचा कोपरा पुरे. पण घरात कुणाचा आकडा वेगळा आला, तर काट मारण्याआधी त्या माणसाकडे एकदा नीट बघा. मी सत्तावीस सांगितलं होतं. एकोणतीसही सांगितलं होतं. त्याहून मोठ्यानं सांगायला माझ्या अंगावर आकडेच उरले नव्हते.