बोलू न देणारी टोपी

घाबरू नका मित्रांनो, मी नुसती टोपी आहे. रत्नागिरीकडच्या एका वाडीत शिमग्याला संकासूर निघतो ना, त्याची. तोंड झाकणारं काळंभोर कापड, हातभर उंच शेंडा, लोंबती लाल जीभ आणि पांढरी दाढी. मला पाहून पोरं माजघरात पळतात. मला मात्र पोरं फार आवडतात.

चाळीस वर्षांपूर्वी धाकूच्या आईने, येसूबाईने, मला हाताने शिवलं. धाकू वर्षानुवर्षं मला डोक्यावर घेऊन घरोघर नाचला. लोक माझ्यापुढे नारळ ठेवून नवस बोलत. शिमगा सरला की मात्र माझी रवानगी माळ्यावर. एका वर्षी उंदरांनी अर्धी दाढी कुरतडली, ते पुढच्या शिमग्यालाच लोकांच्या लक्षात आलं.

आमच्या वाडीची एक रीत आहे. टोपी चढवली की संकासुराने अवाक्षर काढायचं नाही.

गेल्या वर्षी धाकूचा पाय मुरगळला आणि मी वाडीतल्याच सदूच्या डोक्यावर आले. हा सदू म्हणजे सबबींचं कोठार! कुठे अंडरआर्म क्रिकेटची मॅच असली की त्याला घरदार आठवत नसे. आठ वर्षांच्या लेकीला, तेजस्वीला, त्याने एकदा वेणीफणी करून चक्क रविवारी शाळेत सोडलं. पालकसभेला गेला, तो भलत्याच वर्गात अर्धा तास मान डोलावून आला. त्याची बायको काशी आंब्याच्या कारखान्यात कामाला जाते. तिने वैतागून ठरवलं, जूनपासून तेजस्वी राजापूरला मामाकडे शिकेल. सदू म्हणाला, "बघू गो," आणि मॅचला गेला.

शिमग्यात आम्ही नाचत नाचत सदूच्याच अंगणात पोचलो. बाकीची पोरं पळाली. तेजस्वी तेवढी नारळ घेऊन पुढे आली.

"संकासुरा, मला राजापूरला जायचं नाय," ती म्हणाली. "मामा चांगला आहे, पण तिकडे बाबा नसणार. बाबा मला खूप हसवतात. पण मला ताप होता तेव्हा औषध आणायला गेले नि मॅच बघत बसले. मी दारातच बसून होते. त्यांना सांग, मला विसरू नका."

सदूच्या ओठावर सबब आली होती, मला आतून कळलं. पण रीत मोडायची कशी? साऱ्या वाडीसमोर तो मुकाट उभा राहिला आणि पोर बोलत राहिली. माझं अस्तर पार भिजलं. ते काही घामाने नव्हतं.

त्या संध्याकाळी तो काशीला म्हणाला, "माझं चुकतं. जूनपर्यंत बघ, मग ठरव." पुढे एकही सबब आली नाही, याचंच तिला नवल वाटलं.

मग सदू शाळेच्या फाटकाशी वेळेआधी उभा राहू लागला. तो कधी डबा विसरला, कधी पाण्याची बाटली, पण लेकीला विसरला नाही. मे संपता संपता काशीने भावाला फोन करून सांगितलं की तेजस्वी इथेच राहील. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

त्या दिवशी सदू पडवीत बसून माझी दाढी टाचत होता. काशी लेकीला म्हणाली, "ऐकलंन हो संकासुराने तुझं."

"संकासूर कसला, बाबाच होते," तेजस्वी म्हणाली. "पायाच्या अंगठ्याला जांभळं नेलपॉलिश होतं. ते झोपले होते तेव्हा मीच लावलेलं."

"मग घरीच का नाय सांगितलंस गो?"

"घरी मी सांगायला लागले की बाबाच बोलत सुटतात. टोपीत असले की ऐकतात."

सुई बाजूला ठेवून सदू म्हणाला, "बोल, अजून काय राहिलंय?"

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या चिजा माळ्यावर टाकून देऊ नका. त्यांना अधूनमधून ऊन दाखवा. आणि घरातलं लहान माणूस काही सांगत असेल, तर पुरतं ऐकून घ्या. तेवढ्यासाठी मला डोक्यावर चढवायची पाळी येऊ देऊ नका.