साती आसरांची ओटी

नवस बोलताना सगुणाबाईंनी गुडघ्यांना विचारलं नव्हतं. सुनेचं पोर दिवस भरायच्या आधीच जन्माला आलं आणि पुण्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं, तेव्हा बाहेरच्या बाकड्यावर बसून त्या बोलून गेल्या होत्या, "साती आसरांनो, येवढी पोर जगवा. धबधब्याच्या पायथ्याला येऊन तिच्या आईच्या हातनं तुमची ओटी भरीन." पोर जगली. नात शिवानी आता रांगत होती, दिसेल ते तोंडात घालत होती. आणि सगुणाबाई वेल्ह्याच्या रानात काठी टेकत, दर उताराला गुडघ्यांची मनधरणी करत चालल्या होत्या.

मागून सून शेफाली येत होती. माहेर सारोळ्याचं, हायवेच्या कडेचं. तिला चढ ठाऊक तो एसटीच्या पायऱ्यांचा. त्यात पोरीपायी कित्येक रात्री धड झोप नव्हती, डोळे खोल गेले होते. नवसाबिवसावर तिचा विश्वास नव्हता. पोर डॉक्टरांनी वाचवली, असं ती घरात स्पष्ट म्हणाली होती. तरी आली. घरातली फुगलेली तोंडं रोज बघण्यापेक्षा एकदाचं चालून यावं, एवढाच तिचा हिशेब होता.

भातखाचरं मागे पडली आणि कारवीचं रान लागलं. पाऊस उघडला होता, पण पायवाट अजून लोण्यासारखी निसटत होती. धबधब्याचा आवाज गावातूनच ऐकू येतो. तो जवळ आला असं वाटायचं आणि वाट पुन्हा वळसा घ्यायची. दोघी बोलत नव्हत्या. रागानं नव्हे, बोलायला दमच उरला नव्हता.

"आई, अजून किती?"

"ह्ये काय, आलंच."

हे बाईंनी याआधीही सांगितलं होतं, आणि शेफालीला ते आठवत होतं. तिनं पिशवी फक्त दुसऱ्या खांद्यावर घेतली.

शेवटचा टप्पा ओढ्यातला, धोंड्याधोंड्यांवरून. मग एकदम समोर पाणी. कड्यावरून कोसळत होतं, तुषारांनी दोघी क्षणात भिजल्या. कपारीत शेंदूर लावलेले सात दगड, त्याच पाण्यातल्या साती आसरा. त्यांच्यापुढे सुट्टीला येणाऱ्या पोरांनी टाकलेल्या वेफर्सच्या पिशव्या. "मेल्यांना आयाभैनी न्हाईत," म्हणत सगुणाबाईंनी त्या गोळा केल्या. शेफालीनं खण, नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या ठेवल्या. भराभर, पण नीट ठेवल्या. सगुणाबाईंना वाटलं होतं, नवस फिटला की छाती हलकी होईल. तसं काही झालं नाही. परतीचा चढ तेवढा डोळ्यांपुढे आला.

"आता ध्यान देऊन ऐक," त्या म्हणाल्या. "भातखाचरं दिसंपत्तोर मागं वळून बघायचं न्हाई. म्या म्होरं, तू माज्या मागनं. आसरा वळखीच्या आवाजात हाका मारत्यात. वळून बघितलं की घरापत्तोर येत्यात, आन् दिलेलं लेकरू माघारी मागत्यात."

"बरं," शेफाली म्हणाली. त्या 'बरं'मध्ये एवढा कंटाळा होता की सगुणाबाईंना राग यायला हवा होता. रागावण्याइतकंही त्राण नव्हतं.

चढाला लागल्या. सगुणाबाईंना आपला श्वास आणि मागची पावलं एवढंच ऐकू येत होतं. थोड्या वेळानं पावलं थांबली.

"आई!"

बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"ओ आई, थांबा. माझा पाय..."

आवाज हुबेहूब शेफालीचा. पण आसरांचाही तसाच असतो, असंच तर सगळ्या म्हाताऱ्या सांगत आल्या होत्या. डोळ्यांपुढे ती काचेची पेटी आली, नळ्या लावलेला तो मुठीएवढा जीव. त्यांनी काठी घट्ट धरली आणि एक पाऊल पुढे टाकलं. मग आणखी एक. स्वतःची लाज वाटत होती, तरी टाकलं.

मग हाक थांबली. मागे नुसतं पाणी वाजत होतं.

हाक होती तोवर त्यांनी निभावलं, पण ती शांतता त्यांना सोसवली नाही. सगुणाबाई वळल्या.

खाली वळणावर शेफाली चिखलात बसली होती. पाय दोन धोंड्यांच्या फटीत अडकलेला, डोळ्यांतून पाणी, आणि ओढणीचा बोळा तोंडात कोंबलेला. आपल्या हाकेनं सासू वळू नये म्हणून तिनंच कोंबला होता. सासूला वळलेलं पाहताच तिनं तो ओढून काढला आणि ओरडली, "कशाला वळलात? मी गप्प बसले होते ना! माझ्या शिवानीला काही झालं तर?"

सगुणाबाई काठी टाकून, बसत-घसरत तिच्यापाशी उतरल्या. धोंडा हलवून पाय सोडवला. घोटा सुजला होता. तो मांडीवर घेऊन त्या तशाच चिखलात बसल्या, आणि तोंड धबधब्याकडे करून मोठ्यानं म्हणाल्या, "बायांनो, वळले ती म्या! हिनं तर तोंड सुदिक दाबून धरलंतं. मागायचं आसंल त्ये मला मागा. ह्या दोघींच्या वाटंला जाऊ नगा."

शेफालीनं त्यांचा दंड धरला. "आई, असं काही बोलू नका."

"बरं," सगुणाबाई म्हणाल्या. "मग ऊठ आता. घरी पोर दूध मागत आसंल."

शेफालीनं मान डोलावली. उठायचं दोघींनाही होतं, पण बराच वेळ कुणाच्यानंच उठवलं नाही.