शंभरपैकी शंभर

किडक्या हरभऱ्याची उगवण शंभर टक्के! अनुपमा मॅडमनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. ट्रेमध्ये तेच. रेतीत दहा ओळी, ओळीत दहा रोपं, आणि एकही जागा रिकामी नाही. हे बी त्यांनी मुद्दाम आपल्या घरच्या डब्यातून आणलं होतं, वाईट बी कसं असतं ते पोरांना कळावं म्हणून. चिमटीत दाबलं की पीठ सांडत होतं त्यातून. त्याला कोंब फुटणं म्हणजे मेलेल्या माणसाने उठून चहा मागण्यातला प्रकार होता.

शेजारचा ट्रे नववीतल्या सुचिताच्या घरच्या बियाण्याचा. तोही शंभर. ट्रेवर चिठ्ठी, चिठ्ठीवर सुचिताच्या वळणदार अक्षरात लाल शाईने ‘१००’, आणि त्याभोवती फुलांची महिरप.

उंद्रीच्या या शाळेत विज्ञान शिकवून मॅडमचे केस पिकले होते, पण खरा प्रयोग एकदाही झाला म्हणून सांगायची सोय नव्हती. इथे लिटमस परीक्षानळीत जायच्या आधीच वहीत निळा झालेला असे. उत्तर गाईडमध्ये, गाईड दप्तरात, मग हात कशाला ओले करायचे? ‘तुम्हाला काय दिसलं ते लिहा’ असं त्या दरवर्षी घसा कोरडा पडेस्तोवर सांगत. पालथ्या घड्यावर पाणी.

म्हणून यंदा त्यांनी हट्टच धरला होता. एक तरी प्रयोग असा करायचा की ज्याचं उत्तर गाईडला ठाऊक नाही आणि मॅडमलाही नाही. हरभऱ्याची पेरणी तोंडावर आलेली. कोणाच्या घरच्या बियाण्याबद्दल शंका आहे, असं त्यांनी नववीच्या वर्गाला विचारलं, तेव्हा सुचिताने हात वर केला. तिचे वडील भगवानराव दरवर्षी घरचंच बी ठेवत. यंदा पावसाळ्यात बियाण्याच्या खोलीचे पत्रे गळले आणि पोती ओली झाली. आई म्हणे चिखलीहून नवीन बी आणा. भगवानराव म्हणत, माझ्या बियाण्याने आजवर धोका दिला नाही. घरात रोज वाद. शेवटी ठरलं, शाळेत पाहू, मॅडम सांगतील ते खरं. पेरणी त्या एका ट्रेवर येऊन थांबली होती.

मॅडमला कोण आनंद झाला! रेती चाळून घेतली, बी किती खोल टोचायचं ते बोट धरून दाखवलं, पाण्याच्या पाळ्या लावल्या. आणि नेमकं तेव्हाच बुलढाण्याहून प्रशिक्षणाचा निरोप आला. विषय: आनंददायी विज्ञान. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या साहेबांचं ऐकत मॅडम दोन आठवडे तिकडे बसल्या, आणि इकडे हा आनंद होऊन बसला.

त्यांनी सुचिताचा ट्रे डोळ्यांसमोर धरून आडवा पाहिला. काही रोपं वीतभर, त्यांच्या अधूनमधून काही बोटभर. एकाच दिवशी टोचलेलं बी असं?

“सुचिता! इकडे ये. हे काय आहे?”

“उगवलं न मॅडम.”

“आणि हे किडकं बीसुद्धा उगवलं?”

“हाव,” सुचिता म्हणाली, आणि मग जमिनीकडे पाहत, “म्हणजे… जे नाही उगवलं ते काढून टाकलं, अन् नांग्या भरल्या.”

झालं. नांग्या! पेरल्यावर चार दिवसांनी वावरात जायचं, जिथे बी उगवलं नाही तिथे खुरप्याच्या टोकाने पुन्हा टोचायचं, ओळीत खाडा दिसू द्यायचा नाही. हे काम इथलं पोर पाटी धरायच्या आधी शिकतं. मॅडमला ते माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण ते प्रयोगशाळेच्या दारातून आत येईल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

“कोणी सांगितलं होतं तुम्हाला?”

“कोणीच नाही. सांगा लागते काय? खाली जागा दिसली.”

“आणि किडक्याच्या जागी काय लावलं? किडकंच?”

“किडकं कोण लावते मॅडम?” सुचिताला मॅडमची कीव आलेली दिसली. “दुकानातलं आणून लावलं. आमच्या ट्रेत मात्र आमचंच. नाही आलं त येईस्तोवर पुन्हा टोचलं.”

मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला. “अगं, ती रिकामी जागाच पाहिजे होती मला! तेच उत्तर होतं!”

तेवढ्यात मुख्याध्यापक रामराव सर डोकावले. “वा, वा! शंभरपैकी शंभर! हे बुलढाण्याच्या प्रदर्शनात मांडू मॅडम.”

“सर, हे खोटं आहे.”

“खोटं कुठं? चांगलं हिरवंगार दिसून राह्यलं,” म्हणत सर खूश होऊन निघूनही गेले.

मॅडमना आता रडावं की कोणाला तरी झोडपावं ते कळेना. आणि मग त्यांना एकदम भगवानरावांची पेरणी आठवली.

“सुचिता, बाबांना सांगितलंस का हे?”

“हाव. परवाच. आज पेरून राह्यले ते.”

मॅडमनी स्कूटीची किल्ली उचलली. सुचिता आपला ट्रे मांडीवर घेऊन मागे बसली. वाटेत मॅडम प्रत्येक खड्ड्याला ‘धरून बस, सांडशील’ एवढंच खेकसत राहिल्या.

वावरात ट्रॅक्टर चालू होता. मागे पेरणीयंत्र, आणि अर्धं वावर पेरून झालेलं. भगवानराव वावराच्या कडेच्या धुऱ्यावरूनच हसत आले. “या मॅडम! शंभरातले शंभर! मी घरात म्हणतच होतो.”

“भाऊ, ट्रॅक्टर थांबवा आधी,” मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी झालं ते सगळं सांगितलं.

भगवानराव ऐकत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू काही हलेना. “पण उगवलं न शेवटी?”

मॅडमचा उरलासुरला धीर संपला. “सुचिता, तू दाखव. जी रोपं मागून लावली, ती उपट.”

सुचिताने ट्रे धुऱ्यावर ठेवला. बोटभर उंचीची रोपं ती एकेक करून उपटू लागली. पहिल्या ओळीत सहा राहिली. दुसरीत पाच. पुढच्या एकीत तर चारच. तिची मूठ हिरवी होत गेली आणि ट्रेमध्ये रेती दिसू लागली. निम्मी जागा रिकामी झाली तेव्हा भगवानरावांचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं. त्यांनी हात वर करून ट्रॅक्टर थांबवला.

“अर्धं बी त गेलं मॅडम मातीत,” ते हळूच म्हणाले. माणूस चिडला असता तर मॅडमना बरं वाटलं असतं. “आता त्याचं काय करू?”

“उरलेलं वावर चांगलं बी आणून पेरा. आणि हे पेरून झालं त्यात, उगवून आलं की लगेच नांग्या भरा. उशीर करू नका.”

सुचिताने मान वर केली. “वावरात भराच्या?”

“हो.”

“मंग ट्रेमधी काऊन नाही?”

“अगं, वावरात पीक पाहिजे असतं! ट्रेमध्ये आपल्याला बी कसं आहे ते पाहायचं होतं!” मॅडम इतक्या मोठ्याने ओरडल्या की ट्रॅक्टरवाल्याने वळून पाहिलं.

 मुठीतल्या रोपांकडे सुचिताने पाहिलं, अर्ध्या पेरलेल्या वावराकडे पाहिलं, आणि मग मॅडमच्याच पट्टीत, डोळ्यांत पाणी आणून ओरडली, “मंग हे तुम्ही आधी काऊन नाही सांगितलं?”

मॅडमनी मनातल्या मनात बोटं मोजली. रेती चाळायला सांगितली होती. बी किती खोल टोचायचं ते सांगितलं होतं. पाणी, चिठ्ठ्या, ऊन, सगळं सांगितलं होतं. रिकामी जागा रिकामीच ठेवायची, एवढं एकच सांगितलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असंच त्यांना वाटलं नव्हतं.

भगवानरावांनी डोक्याचा रुमाल सोडला, तोंड पुसलं आणि धुऱ्यावर बसून घेतलं.

“बोला न मॅडम,” ते म्हणाले. “पोरगी विचारून राह्यली.”