काळ्या खिंडीतली चाळीस मिनिटं

हरिश्चंद्र शिरधनकरांची चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात गेली, पण फोनवर बोलणं त्यांना कधी जमलं नाही. बायको गेल्यावर हैदराबादहून मुलीचा, क्षितिजाचा, रोज फोन यायचा.

"जेवलात?"

"जेवलो."

"गोळी घेतलीत?"

"घेतली."

शेवटी ती म्हणायची, "ठेवते हं बाबा."

युक्ती तिनेच काढली. वडलांच्या बेव्हर्ली पार्कमधल्या घरात तिचा जुना कॉम्प्युटर पडून होता. सुट्टीला आली तेव्हा तिने त्यावर 'मेरुदेश' नावाचा ऑनलाइन गेम टाकला, त्यांच्या कानांवर माइकवाले हेडफोन चढवले आणि माउस कसा धरायचा ते शिकवलं. ते धनुर्धर झाले, ती वैद्य. दर रविवारी दुपारी चार वाजता दोघं आपापल्या घरून त्या देशात भेटू लागले.

गेम कठीण होता. कुठेही जायचं तर पायी. गावातून किल्ल्यावर जायला काळी खिंड ओलांडावी लागे आणि त्याला चाळीस मिनिटं लागत. खिंडीत लांडगे. एकटा गेला की मेलाच, आणि मेला की पुन्हा गावापासून सुरुवात. हरिश्चंद्र पहिले दोन महिने नुसते मरत होते. वैद्याकडे औषधही मोजकंच असे. ते संपलं की दोघांनी खडकाआड बसून ते पुन्हा भरण्याची वाट बघायची.

बसल्या बसल्या माणूस बोलतो. टेलिफोनच्या खांबावरून एकदा पडलो होतो, ते तुझ्या आईला कधी सांगितलंच नाही, हे हरिश्चंद्रांनी मुलीला तिथे सांगितलं. सासूशी का पटत नाही ते तिने सांगितलं. एका रविवारी खडकाआड बसलेली असताना ती म्हणाली, "बाबा, मार्चमध्ये मला दिवस राहिले होते. नवव्या आठवड्यात सगळं संपलं. कुणालाच सांगितलं नाही."

"मी येऊ का तिकडे?" एवढंच ते म्हणाले.

"नको. आत्ता फक्त इथे बसा."

ते बसले. लांडगे येऊन गेले. त्या दिवशी दोघं किल्ल्यावर पोचलेच नाहीत.

गेममधलं सगळ्यात दुर्मिळ हत्यार, अस्थिधनुष्य, मिळायला त्यांना अकरा महिने लागले. मिळालं त्या संध्याकाळी हरिश्चंद्रांनी शिरा केला आणि शेजारच्या ममताताईंकडे वाटी नेऊन दिली.

"कसला शिरा, काका?"

"धनुष्य मिळालं," ते म्हणाले आणि लहान मुलासारखे लाजले.

गेल्या जूनमध्ये गेम बदलला. 'आता खोळंबा नाही!' अशी सूचना झळकली. नकाशावर टिचकी मारली की थेट किल्ला. लांडगा एका बाणात आडवा. तेही नको असेल तर 'ऑटो' नावाचं बटण. ते दाबलं की तुमचा माणूस आपोआप चालतो, लढतो, बक्षिसं गोळा करतो. अस्थिधनुष्य तर नव्या खेळाडूंना स्वागताच्या पेटीतच मिळू लागलं.

पहिल्या रविवारी सगळं नऊ मिनिटांत उरकलं.

"झालं की हो, बाबा!" क्षितिजा हसली. "आता काय?"

"आता..." हरिश्चंद्रांनी हेडफोन नीट बसवले. "जेवलीस?"

दोनतीन आठवड्यांनी त्यांनी तिला गळ घातली, की आपण पूर्वीसारखं खिंडीतून चालत जाऊ. ती तयार झाली. खिंडीतून आता दुसरा एकही खेळाडू जात नव्हता. लांडगे यायचे आणि बाण लागायच्या आधीच पडल्यासारखे पडायचे. अर्ध्या वाटेवर ती म्हणाली, "खरं सांगू? आपण उगाच चालतोय असं वाटतंय."

त्यांनाही तसंच वाटत होतं. तिच्यावर रागवायची सोयही उरली नव्हती.

पुढे गेममध्ये ती कमी कमी बोलू लागली, मग बोलेनाशीच झाली. हरिश्चंद्रांनी मनाची समजूत घातली, दमली असेल. ऑक्टोबरात त्यांच्या उजव्या हाताचं थरथरणं वाढलं, म्हणून ते स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी त्यांना चालायला लावलं, बोटं मिटायला-उघडायला सांगितली आणि म्हणाले, कंपवात आहे. बरा होत नाही, औषधाने थोडा आवरतो.

हे फोनवर सांगणं शक्यच नव्हतं. रविवारी ते चारला बसले. धनुर्धराच्या शेजारी वैद्य उभी होतीच. त्यांनी घसा साफ केला आणि सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, पुढे काय काय होऊ शकतं, भीती कशाची वाटते. "आंघोळीला दुसरा माणूस लागला तर, क्षितू? मला ते नाही सहन होणार." मधेच एक लांडगा त्यांना चावला, तशी वैद्याने लगेच औषध लावलं. ते थांबले. तिला बोलायला वेळ हवा असेल, त्यांनी विचार केला.

तेवढ्यात टेबलावरचा मोबाइल वाजला. क्षितिजाच होती, मागे बाजाराचा गलका.

"बाबा, कुकरची रिंग मिळतेय इथे. तुमच्यासाठी घेऊ?"

"अगं, तू इथे आहेस ना? गेममध्ये?"

"ऑटोवर ठेवलंय हो. तुमची बक्षिसं बुडायला नकोत म्हणून."

"आजच?"

"गणपतीपासून. बोलत होतात का काही?"

पडद्यावर वैद्य त्यांच्या धनुर्धराकडे तोंड करून उभी होती.

"नाही," हरिश्चंद्र म्हणाले. "रिंग घे. पाच लिटरची."

पुढच्या रविवारी चार वाजता त्यांनी आपला धनुर्धरही ऑटोवर टाकला आणि पिशवी घेऊन मच्छी आणायला गेले. उत्तनहून येणारी ॲलिस बोंबील घेऊन बसली होती. तिने पैसे घेता घेता त्यांच्या हाताकडे पाहिलं.

"हात कापतो हाय तुमचा. दाखवला का कुनाला?"

"दाखवला."

"पोरीला ठाव हाय?"

"तिला कामं असतात," ते म्हणाले आणि निघाले.

घरी आले तर पडद्यावर दोघं किल्ल्यावर शेजारी शेजारी उभे होते आणि वर सोनेरी अक्षरं चमकत होती. 'अतूट साथ! एकत्र तीनशे तास.' क्षितिजाने त्याचा फोटो मोबाइलवर पाठवला होता. खाली लिहिलं होतं, 'बाबा, आपल्याला मिळालं!!'

हरिश्चंद्र उत्तर लिहायला बसले. बोट भलत्याच अक्षरावर पडत होतं. तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. मग फोन पालथा ठेवून ते बोंबील साफ करायला उठले.