फटी शोधणारा पंखा

मित्रांनो, पंखा म्हटले की तुमची मान आपोआप छताकडे वळते. माझ्यासाठी तसे करू नका. छताला मी कधीच लटकलो नाही. मी एक जुना, दारात बसणारा पंखा आहे. घराच्या पुढच्या दारात लाल कापडाचा पडदा ताणून बसवतात, त्याच्या भोकात मला अडकवतात, सगळ्या खिडक्या लावून घेतात आणि मला सुरू करतात. मी घरातली हवा ओढून बाहेर फेकतो. मग जिथे जिथे फट असेल तिथून बाहेरची हवा शिट्टी वाजवत आत शिरते. घरातली ऊब कुठून पळते ते मी असे पकडून देतो. इतर पंखे वारा घालतात. मी मात्र चुगली करतो, आणि या कामाचा मला फार अभिमान होता.

एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या एका कारागीर बाईंनी माझी पाती तोलून बसवली आणि मला पहिल्यांदा फिरवून कान देऊन ऐकले. ‘आवाज मोठा आहे, पण खोटं बोलणार नाही,’ असे त्या शेजारणीला म्हणाल्या. तेवढ्या प्रशस्तिपत्रावर मी जगात आलो.

माझे मालक घरांचे ऊर्जा तपासनीस होते. गल्लीतली मुले त्यांना ‘फटीवाले काका’ म्हणत, आणि हळूहळू मोठी माणसेही तेच म्हणू लागली. काका उंच आणि थोडे पोक काढून चालणारे. मी सुरू झालो की ते हाताची मागची बाजू ओली करून भिंतीभिंतीने फिरत. कुठे गार झुळूक लागली की त्यांचा चेहरा उजळे. ‘सापडलीस का गं बाई!’ असे ते त्या फटीला म्हणत. घरमालकाला वाटे, बाई कुठली आली आपल्या घरात.

तेव्हा शहरात नवा नियम झाला होता. घर विकायचे असेल किंवा भाड्याने द्यायचे असेल, तर आधी त्याची ऊर्जा तपासणी करून घ्यायची. किती ऊब वाया जाते ते नव्या माणसाला आधीच कळावे, हा हेतू. लोकांनी आधी नाके मुरडली. नंतर तपासनीसांचे पेव फुटले. कित्येक जण तर चहा पीत पीत गाडीत बसूनच आकडे लिहीत. त्यांचे पंखे कधी दारात बसत नसत, नुसते मिरवत. तेव्हा पालिकेने तपासनीसांसाठीही नियम करायचे ठरवले. परीक्षा, परवाना, दरवर्षी यंत्राची पडताळणी आणि त्यावर शिक्का. सूचना मागवण्यासाठी सभा बोलावली, तिथे काका मलाही घेऊन गेले होते. सगळ्यांत कडक कलम त्यांनीच सुचवले. तपासनीसाच्या निष्काळजीपणामुळे घरातल्या माणसाला इजा झाली, तर त्याचा परवाना कायमचा रद्द.

‘काका, जरा जास्तच होतंय,’ मागून कोणीतरी म्हणाले.

‘आपण लोकांच्या घरात शिरतो,’ काका म्हणाले. ‘ते दार उघडून आपल्याला आत घेतात. जास्त कसं होईल?’

कलम मंजूर झाले. मी टेबलावर ऐटीत बसलो होतो. माझा मालक किती खरा माणूस आहे, हे आता सगळ्या शहराला कळले, असे मला वाटले.

आता एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. थंडीच्या दिवसांत घर तापवायला तळघरात गॅसचा बॉयलर असतो. त्याचे गरम पाणी प्रत्येक खोलीतल्या लोखंडी हीटरमधून फिरते. मी हवा ओढू लागलो की बॉयलरचा धूर चिमणीतून वर जायच्या ऐवजी उलटा फिरून घरात येतो, आणि तो धूर जीवघेणा असतो. म्हणून मला सुरू करण्याआधी बॉयलर बंद करावा लागतो. काम झाल्यावर तो आठवणीने पुन्हा चालू करायचा. या आठवणीसाठी जुन्या तपासनीसांची एक पद्धत होती. बॉयलर बंद केला की आपल्या गाडीची किल्ली त्याच्याच खटक्यावर अडकवायची. किल्लीशिवाय गाडी हलत नाही. किल्ली आणायला तळघरात गेले की बॉयलर समोरच दिसतो. कुठल्याही नियमात हे लिहिलेले नव्हते. सगळे करत, म्हणून काकाही करत.

पुढे काकांची नजर अधू झाली. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही असे बजावले. त्यांची लेक याच कामाचे शिक्षण घेत होती, ती गाडी चालवू लागली. काकांना फटी डोळ्यांनी नव्हे, हाताने कळत, त्यामुळे कामात काही अडले नाही. फक्त गाडीची किल्ली आता लेकीच्या खिशात असायची. सुरुवातीला काका तळघरात गेले की सवयीने खिसा चाचपत आणि स्वतःशीच हसत. मग तेही थांबले.

त्या हिवाळ्यात आम्ही शिलाईवाल्या आजींच्या घरी गेलो. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवून त्यांनी ते घर उभे केले होते. मुलगा दूरच्या गावी नोकरीला. आईला सोबत हवी म्हणून वरची खोली कोणालातरी भाड्याने द्यावी, असे त्याने ठरवले होते आणि त्यासाठी ही तपासणी. काकांनी बॉयलर बंद केला आणि वर येऊन नेहमीप्रमाणे ताकीद दिली.

‘आजी, बॉयलर बंद केलाय. मी सांगेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. धूर घरात येईल.’

‘नाही लावणार,’ आजी म्हणाल्या. ‘तुम्ही सांगाल तेव्हाच.’

मी जोरात फिरलो. शिवणयंत्रामागच्या खिडकीखाली एक मोठी फट सापडली. काका खूश झाले. आजीही खूश झाल्या, कारण इतकी वर्षे पाठीला गार का लागते ते त्यांना आज कळले. काम संपून मला काढताना आजींची नजर माझ्या लाल कापडावर गेली. कोपरा चांगला वीतभर उसवला होता.

‘हे असं घेऊन फिरता?’ आजी म्हणाल्या. ‘द्या इकडे. माझ्या घरातून उसवलेलं कापड बाहेर जायचं नाही.’

‘अहो, राहू द्या. पुढच्या घरी उशीर होतोय.’

‘बसा गप.’

काका गप बसले. आजींनी दोरा ओवला आणि यंत्रावर दुहेरी टीप मारली. गप्पा झाल्या, चहा झाला. तेवढ्यात पुढच्या घरून फोन आला. लेक बाहेर गाडी सुरू करून बसली होती. काकांनी घाईने मला उचलले, पडद्याची घडी काखेत मारली, आजींना नमस्कार केला आणि ते निघाले. इतके चांगले काम आणि इतका चांगला चहा, दोन्ही एकाच घरात क्वचितच मिळते, असे ते गाडीत म्हणालेही. बॉयलर बंदच होता. मित्रांनो, मी दारातला पंखा. तळघरात काय चालू आणि काय बंद, ते मला दिसत नाही.

पुढचे मला पोस्टवाल्या बाईंच्या तोंडून कळले. आमच्या गल्लीतही त्याच टपाल टाकत. दोन दिवसांनी त्या आजींकडे पार्सल घेऊन गेल्या. आजींनी दार उघडले ते कोट घालून, वर गोधडी लपेटून. ओठ निळे पडले होते. घरात बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा.

‘मी म्हटलं, अहो, बॉयलर लावा की,’ पोस्टवाल्या बाई आमच्या ओसरीत उभ्या राहून सांगत होत्या. ‘तर म्हणतात, ते तपासणीवाले सांगेपर्यंत हात लावायचा नाही. येतीलच ते. कामाचा माणूस आहे, विसरले नसतील. मुलाचा फोन आला तर त्यालाही म्हणाल्या, सगळं ठीक आहे.’

बाईंनीच आजींना दवाखान्यात पोचवले होते. काका रोज तिथे जाऊ लागले. आजींच्या छातीत कफ भरला होता. त्या काकांना ओळखत होत्या, त्यांच्याशी बोलतही होत्या, पण त्यांनी दोष म्हणून एकदाही दिला नाही. आठवड्याच्या आतच त्या गेल्या. घरी परत आल्याच नाहीत.

‘किल्ली माझ्या खिशात होती, बाबा,’ लेक एका दुपारी म्हणाली. ती माझे पाते पुसत होती. तेच पाते पुन्हा पुन्हा पुसत होती.

‘किल्ली तुझ्याकडे होती,’ काका म्हणाले. ‘बॉयलर माझ्याकडे होता.’

पालिकेने चौकशी लावली. यंत्र हजर करायचे असते, म्हणून मीही गेलो. अधिकारी एकेकाळी काकांच्याच हाताखाली शिकलेले. त्यांनी दार लावून घेतले आणि आवाज खाली आणला.

‘काका, बॉयलर जुनाट होता. आपोआप विझला असेल. मी तसं लिहितो. वयही झालं होतं त्यांचं. मुलाचीही तक्रार नाही.’

‘विझला नाही. मी बंद केला होता, आणि चालू करायचा राहिला.’

‘ते कलम तुम्हाला ठाऊक आहे ना? पुन्हा कधी परवाना मिळणार नाही.’

‘मीच सुचवलंय.’

‘मग सगळं तुम्हीच कशाला सांगताय?’

‘दुसरं कोण सांगणार?’ काका म्हणाले. ‘आजी?’

अधिकाऱ्यांनी कागद पुढे ओढला आणि काकांनी सांगितले तसेच लिहिले. मग त्यांनी काकांच्या परवान्यावर रद्दचा शिक्का मारला. शिक्का मारताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. काका मात्र कोरडे होते, आणि मला तेच जास्त जड गेले.

त्यानंतर नियमात एका ओळीची भर पडली. तपासणी संपल्यावर तपासनीसाने घरातल्या माणसासमोर बॉयलर चालू करावा आणि हीटर तापेपर्यंत तिथेच थांबावे. चांगला नियम झाला, असे सगळे म्हणाले. काकांनी तो वाचला आणि कागद घडी करून ठेवला. ते घरी असत. भिंतीजवळून जाताना त्यांचा हात कधीकधी उठे, पण ते तो खाली घेत.

वसंताच्या सुमारास लेकीला परवाना मिळाला. थोड्याच दिवसांत आजींच्या मुलाचा फोन आला. त्याला घर विकायचे होते आणि तपासणी तुम्हीच करा, असे तो म्हणाला. लेकीने काकांकडे पाहिले. काका म्हणाले, ‘जा. मी गाडीत बसेन. आत यायचा मला अधिकार नाही.’

ते माझे शेवटचे घर ठरले. खोल्या रिकाम्या होत्या. शिवणयंत्र नव्हते, फक्त फरशीवर त्याच्या पायांचे चार डाग होते. खिडकीखालची फट कोणी बुजवली नव्हती. मी फिरलो तेव्हा तिथून तीच शिट्टी आली आणि रिकाम्या घरात ती फार मोठी वाटली. काम संपल्यावर लेकीने मुलासमोर बॉयलर चालू केला आणि ती हीटर तापायची वाट बघत उभी राहिली. मुलगाच बाहेर गेला आणि काकांना हाताला धरून आत घेऊन आला.

‘या,’ तो म्हणाला. ‘एकटे बसू नका बाहेर.’

काका हीटरजवळ गेले. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा त्यांनी त्याला हात लावला. लोखंड हळूहळू गरम होत होते. त्यांचा हात तिथेच राहिला.

‘आजी, चालू केला हं,’ ते म्हणाले. ‘आता हात लावायला हरकत नाही.’

आजींच्या मुलाने तोंड फिरवून घेतले. लेक रडली. मग काकाही रडले, त्या दिवसापासून पहिल्यांदाच.

आता माझ्यावरच्या शिक्क्याची मुदत संपली आहे. लेकीकडे नवे, हलके, कमी आवाजाचे यंत्र आहे आणि मी फडताळावर धूळ खात पडलो आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंनी तुमच्याकडे स्वतःसाठी काहीतरी मागायचे असते. पाती पुसा म्हणायचे, कापड जपा म्हणायचे. मला तसले काही नको. तुम्ही मोठे व्हाल, कोणाच्या तरी घरात कामाला जाल, आणि तिथे एखादे माणूस तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून थांबलेले असेल. निघण्यापूर्वी त्याच्याकडे एकदा जाऊन या. अशी माणसे स्वतःहून फोन करत नाहीत. थंडीने काकडली तरी करत नाहीत.