नापासांची वरात

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. पुढे तिघांना दाटीवाटीनं बसता येतं आणि मागे उघडा हौदा आहे. अल्जीरियातल्या सेतीफच्या पठारावरच्या एका गावात, लाईद नळवाल्याच्या दारात मी उभी असते. उभी कसली, गुडघे टेकून असते म्हणा! टायर गुळगुळीत झालेत, एक दरवाजा तारेनं बांधलाय आणि सकाळी सुरू होताना खोकल्याची अशी उबळ येते, की गल्लीतली मांजरं बिऱ्हाड बदलतात.

माझा जन्म फ्रान्समधल्या एका कारखान्यात झाला. बोटीतून अल्जीयर्सच्या बंदरात उतरले तेव्हा मी इतकी पांढरीशुभ्र होते, की तिथले बगळे लाजून काळे पडले. पुढे मी काय काय वाहिलं! ईदच्या मेंढ्या वाहिल्या, रव्याची पोती वाहिली, नळ वाहिले, नवऱ्या मुली वाहिल्या. एका वरातीत माझा हॉर्न असा वाजला, की समुद्रापलीकडे मार्सेयमध्ये एका भटाऱ्याच्या हातून पाव गळून पडला. खोटं वाटत असेल तर त्या पावाला विचारा. तेव्हा दर शुक्रवारी मला अंघोळ घालत. आता माझ्यावर पाणी पडतं ते झुलीखाच्या कपड्यांच्या दोरीवरून. झुलीखा म्हणजे लाईदची बायको.

आमच्याकडे आनंद हॉर्ननं सांगायचा असतो. बायका तो जीभ हलवून काढलेल्या लांबलचक किलकारीनं सांगतात. आणि त्याची एक रीत आहे. एका घरातून किलकारी उठली, की शेजारणीनं हातातलं काम टाकून उत्तर द्यायचं. कशाचा आनंद, ते मागून विचारायचं. उत्तर न देणं म्हणजे शेजारच्या सुखाच्या तोंडावर दार लावणं.

त्या उन्हाळ्यात दोन निकाल एकाच आठवड्यात आले. एक देशाच्या निवडणुकीचा. लाईदचा थोरला भाऊ मबरूक उमेदवार होता. माझ्या टपावर कर्णा बांधून तो गावभर फिरला. रोज पाणी देईन, रेल्वे आणीन, दवाखाना उघडीन! मी सिमेंट वाहिलंय मित्रांनो, पण त्या आश्वासनांनी माझे चाकांवरचे पाटे वाकले ते वाकलेच. दुसरा निकाल शाळेतल्या शेवटच्या मोठ्या परीक्षेचा. त्या परीक्षेला बसली होती लाईदची मुलगी इस्महान. अठरा वर्षांची. मतही पहिल्यांदाच दिलेलं, बोटाची शाई अजून गेली नव्हती.

तिनं बापाला आधीच बजावलं होतं, "बाबा, नापास झाले तर पुन्हा त्या वर्गात पाय ठेवणार नाही. मागच्या बाकावरून कुजबुज ऐकत वर्ष काढायचं? त्यापेक्षा मामीच्या शिवणयंत्रावर बसेन."

लहानपणी लाईदची स्वतःची शाळा सुटली होती. पोरगी औषधशास्त्र शिकेल, या एका आशेवर तो लोकांच्या तुंबलेल्या मोऱ्यांत हात घालत होता.

मबरूकचा निकाल आधी लागला. राजधानीतून टीव्हीवर नावं वाचली, त्यात त्याचं नव्हतं. त्यानं खिडक्या लावून घेतल्या आणि आतून ओरडत राहिला, "मोजणाऱ्यांना मोजता येत नाही!"

दोन दिवसांनी परीक्षेचा निकाल आला. लाईद कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात डोमिनो खेळत होता, मी बाहेर डुलक्या काढत होते. तेवढ्यात गल्लीतून किलकारी उठली आणि पाठोपाठ दुसरी. ती झुलीखाची! बायकोचा आवाज न ओळखणारा नवरा आमच्या गावात अजून जन्मायचाय. लाईद सोंगट्या उधळून धावला. मी खोकलेसुद्धा नाही. एका फटक्यात सुरू झाले आणि आम्ही गावभर हॉर्न वाजवत सुटलो.

"लाईद, मुबारक!" खाटीक सुरा उंचावून ओरडला. "भाऊ पडला, पण पोरीनं घराचं नाक राखलं!"

सगळं गाव फिरून घरी आलो, तर इस्महान दारात उभी. डोळे सुजलेले.

"बाबा, कुणासाठी वाजवत होता?"

"कुणासाठी म्हणजे? तुझ्यासाठी!"

"मी नापास झालेय."

झुलीखानं कपाळावर हात मारला. "अहो, पलीकडच्या शेजारणीची, हयातची, पोरगी पास झाली. हयातनं किलकारी काढली, मी उत्तर दिलं. आपल्या पोरीचा निकाल मला तरी कुठे ठाऊक होता?"

लाईदनं इंजिन बंद केलं. हॉर्न गिळता आला असता तर मी तेव्हाच गिळला असता.

"आता गावाला काय तोंड दाखवू?" तो पुटपुटला.

इस्महान माझ्या दाराची तार सोडवून आत येऊन बसली. "चला. जिथे जिथे वाजवलंत, तिथे तिथे सांगून येऊ."

"लोक हसतील गं."

"आज हसलेले परवडले. उद्या मिठाई घेऊन दारात येतील, तेव्हा काय कराल?"

वाटेत मबरूकचं घर लागलं. तो पायजम्यात पायरीवर बसला होता.

"काका, चला आमच्याबरोबर."

"माझी मतं चोरली गं त्यांनी!"

"मलाही सकाळी वाटलं, माझे गुण चोरले. पण भौतिकशास्त्राचा अर्धा पेपर मी कोरा ठेवला होता, हे मला माहीत होतं ना!"

"म्हणजे माझी पेटी कोरी होती म्हणतेस?"

"अर्धं गाव त्या दिवशी घरी झोपलं होतं, काका. ते तुम्हाला नाही म्हणाले नाहीत. ते कुणालाच हो म्हणाले नाहीत. मी रांगेत उभी होते, मला दिसत होतं की. माझ्या मागे दोन म्हाताऱ्या आणि एक कुत्रं."

मबरूक सपाता ओढत येऊन तिच्याशेजारी बसला.

तर अशी ती आमची वरात. हॉर्न नाही, फुलं नाहीत. दारापुढे थांबायचं, पोरीनं खाली उतरून सांगायचं, "चूक झाली, मी नापास आहे," आणि पुढे जायचं. खाटकानं सुरा खाली ठेवून मान डोलावली. काही जणांनी पडद्याआडून पाहिलं आणि पडदा सोडला. हजला जाऊन आलेली म्हातारी हज्जा खद्दूज म्हणाली, "नापास? एवढंच? माझा थोरला तीनदा झाला. आता सेतीफला लोकांचे दात काढतो. माझे काढले तेवढे मात्र चुकीचे!" आणि बोळकं उघडून दाखवलं.

कॉफीच्या दुकानापुढे एक टवाळ ओरडलाच, "वा रे वा! काकाला मतं नाहीत, पुतणीला मार्क नाहीत!"

मबरूकचा चेहरा लाल झाला. पण इस्महाननं खिडकीतून डोकं काढलं. "आणि गाडीला ब्रेक नाहीत. सरका बाजूला!"

दुकान हसलं. मबरूकही हसला, दोन दिवसांत पहिल्यांदा.

घरी पोचलो तेव्हा माझ्यातलं पाणी उकळत होतं. मबरूक उतरला, इस्महान बसूनच राहिली.

"बाबा, सप्टेंबरात पुन्हा नाव घालायचं तर मला सकाळी शाळेत सोडाल?"

लाईद स्टिअरिंग धरून समोर बघत होता. "त्या वर्गात पाय ठेवणार नव्हतीस ना?"

"आख्ख्या गावाला सांगून झालं. आता वर्गाला घाबरून काय करू?"

लाईदनं बाहीनं नाक पुसलं. "सोडीन की," एवढंच म्हणाला.

मित्रांनो, घरात कुणाचा निकाल लागला, तर आधी त्या पोराला विचारा आणि मग हॉर्नला हात घाला. जिंकलेल्यांच्या मागे धावायला गाड्या पुष्कळ असतात. हरलेलं माणूस दारात उभं दिसलं, तर तुमचीही थांबवा. मी आता फार थकलेय. वराती नकोत, रंग नको, शुक्रवारची अंघोळही नको. कुणी एवढं माझं तेलपाणी बघा आणि पाटे सरळ करून द्या. सप्टेंबरात चढावरून एका पोरीला शाळेत पोचवायचंय, आणि पहिल्याच दिवशी तिला उशीर होता कामा नये.