सीमुनची डावी बाही

ओलुवा वारली तेव्हा नवऱ्याच्या, सीमुनच्या, स्वेटरची उजवी बाही विणून झाली होती. डावीची लोकर अजून मेंढीच्या अंगावर होती.

सगळा स्वेटर त्या एकाच तपकिरी मेंढीचा. ओलुवाने आयुष्यात लोकर रंगवली नाही. जुलैअखेर ओलाफच्या सणाला सीमुनने तो घालून राजधानीला, तोर्शाव्हनला जावं, एवढंच तिने सांगून ठेवलं होतं.

जूनमध्ये मेंढी कातरली. लोकर फिकट निघाली. आदल्या उन्हाळ्यात आमच्या सुदुरोय बेटावर सलग अकरा दिवस ऊन पडलं होतं.

शेजारची राकुल सूत कातणारी. ती सीमुनला म्हणाली, "उन्हाने रंग उडालाय. अक्रोडाच्या साली घालून उकळते, जुळेल."

"रंग? ती थडग्यातून उठून येईल."

"मग येऊन बाहीही विणेल. बरंच की."

सीमुन त्या वर्षी सणाला गेला नाही. पुढची लोकर उन्हाने उडू नये म्हणून त्याने मेंढी घरात आणली. आधी मटण वाळवायच्या खोपटात बांधली होती, पण फळ्यांच्या फटींतून उजेड येत होता, आणि वर तिचे नातेवाईक टांगलेले होते. ती खाईना. मग बैठकीत, पडदे ओढून.

सामायिक कुरणातल्या मेंढ्यांची मोजणी करणारा हेइयिन ऑक्टोबरमध्ये दारात आला.

"कुरणात नसलेली मेंढी मी मोजू कशी? तुझा गवताचा वाटा जाईल."

"ती इथेच आहे. मोज."

"नियमात डोंगर लिहिलंय रे, सोफा नाही."

अखेर दोघांनी मेंढीला उचलून डोंगरापर्यंत नेलं, अंगावर घोंगडी टाकून. हेइयिनने घोंगडीखाली डोकं घालून तिच्या कानावरची खूण तपासली, "एक" म्हटलं आणि तिघे परत आले.

पुढच्या जूनला लोकर निघाली ती गडद, जवळजवळ काळी. राकुलने कातली, विणली, बाही जोडली. सीमुनने आरशासमोर दोन्ही हात पुढे धरले. डावा हात दुसऱ्याच माणसाचा वाटत होता.

"आता?" राकुलने विचारलं.

"आता ही उन्हात धरायची."

त्या जुलैत ऊन एकूण चार दिवस पडलं. चारही दिवस सीमुन धक्क्यावर डावा हात लांब करून उभा होता, उजवा प्लास्टिकच्या पिशवीत. येणाऱ्या बोटीवरची माणसं हात हलवायची. तो हलवायचा नाही. बाही हलली असती.

सणाच्या आदल्या दिवशी राकुलने दोन्ही बाह्या शेजारी धरल्या. "अजून एक छटा राहिली. पण तिथे बाह्या कोण बघतंय? चल मुकाट."

"ओलुवाने बघितल्या असत्या."

तरी तो निघाला. सकाळच्या बोटीवर सगळे उत्तरेला, तोर्शाव्हनकडे तोंड करून उभे होते. ऊन पूर्वेला होतं, म्हणून सीमुन मागे आपल्या गावाकडे तोंड करून, डावा हात कठड्याबाहेर काढून उभा राहिला. बोट जरा वळली की तोही तेवढाच वळे. दोन तास.